रुंद ट्विन-टिप की अरुंद सपाट शेपटीची स्की? कोकणातून गुलमर्गला जाणाऱ्यांसाठी

स्कीइंगचा कोर्स झाला, भाड्याच्या स्कीवर एकदोन हिवाळे गेले की स्वतःची जोडी घ्यावीशी वाटतेच. रत्नागिरी-चिपळूणकडच्या ट्रेकर मंडळींकडून हा प्रश्न वारंवार येतो, म्हणून सविस्तर लिहितो. निवड साधारण दोन प्रकारांत असते. एक, कमरेला (म्हणजे स्कीच्या मधल्या, सर्वांत अरुंद भागाला) 108 ते 112 मिलिमीटर रुंद, दोन्ही टोकं वर वळलेली, हलकी आणि खेळकर ट्विन-टिप. दुसरी, कमरेला 85 ते 90 मिलिमीटर, सपाट शेपटीची, आत धातूचा पत्रा असलेली. मी दोन्ही वापरल्या. आज माझ्याकडे रुंद आहे, पण अरुंद स्कीचं जे चांगलं आहे ते आधी सांगतो.

सकाळी साडेनऊला गुलमर्गचा ग्रूम केलेला, म्हणजे यंत्राने दाबून सपाट केलेला उतार रात्रीच्या थंडीने कडक झालेला असतो. तिथे अरुंद स्कीला तोड नाही. गुडघा जरा कलता केला की एज (स्कीच्या कडेची पोलादी धार) धरते, आणि वळण संपेपर्यंत सोडत नाही. रुंद स्की एका एजवरून दुसऱ्या एजवर यायला किंचित वेळ घेते. तिचं पुढचं टोक रॉकरमुळे, म्हणजे टोकाकडच्या वर उचललेल्या वळणामुळे, बर्फाला टेकतच नाही, त्यामुळे वेग वाढला की ते फडफडायला लागतं. वळणाच्या शेवटी शेपटीवर भार टाकावा तर ती घसरून सुटते. सवयीने हे सुसह्य होतं, पण जात नाही. माझा चिपळूणचा एक मित्र अजूनही अरुंदच वापरतो, आणि कडक उतारावर त्याला गाठणं मला जमत नाही.

आता गंडोलाने, म्हणजे तिथल्या केबल कारने, वर चला. तिच्या दुसऱ्या टप्प्याचं (फेज टू) वरचं स्टेशन 3,900 मीटरच्या वर आहे, आणि पश्चिमी विक्षोभ येऊन गेला की तिथल्या अफरवट डोंगराच्या उतारांवर मांडीपर्यंत कोरडा, भुसभुशीत बर्फ असतो. अरुंद स्कीचं टोक त्यात बुडू नये म्हणून वजन मागे ठेवावं लागतं आणि दुपारपर्यंत मांड्या भरून येतात. रुंद ट्विन-टिपवर मधोमध सरळ उभं राहायचं, बस. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही: होडीची नाळ वर उचललेली का असते, तेच कारण इथे आहे. ही कल्पना खरोखर पाण्यावरूनच आली. स्कीअर शेन मॅकॉन्की यांनी वॉटर-स्कीला बाइंडिंग (बूट अडकवायची पकड) ठोकून ती अलास्काच्या बर्फावर चालवून पाहिली होती, आणि त्यातून 2002च्या सुमारास व्होलांट कंपनीची स्पॅट्युला ही स्की आली. दोन्ही टोकं वळवण्याची पद्धत त्याआधी, 1998च्या सॅलोमन कंपनीच्या टेनएटी या स्कीपासून रुळली. आजची रुंद खेळकर स्की या दोघींचं मिश्रण आहे.

कोंगडोरीच्या (गंडोलाचं मधलं स्टेशन) खालच्या झाडीत तर मला तीच हवी असते. झाड समोर आलं की वळण कोरत बसायला जागा नसते. टाच जरा ढकलली की अख्खी स्की आडवी सरकते, वेग मोडतो आणि पुढची फट दिसते. उलट तोंड करून उतरता येतं ही गंमत वेगळी, पण बहुतेकांना तिची गरज क्वचितच पडते. तिसऱ्या दिवशी तोच बर्फ लोकांनी तुडवून ढेकळांचा झाला की मात्र पारडं पुन्हा फिरतं. जड अरुंद स्की ढेकळं कापत जाते, हलकी रुंद त्यांच्यावर आपटत जाते आणि पाय सतत सावरावा लागतो.

इथपर्यंत हिशेब बरोबरीचा वाटेल. माझ्यापुरता तो सुटला गंजावर.

मिरगापासून दसऱ्यापर्यंत आपल्या हवेत ओल असते, आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ. गेटच्या बिजागऱ्या, सायकलची चेन, खिडकीचे गज, सगळ्यांना दरवर्षी रंग नाहीतर ग्रीस लागतं. स्कीची एज म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटरची पोलादी पट्टी, तिच्यावर रंग चालत नाही. मोसम संपला की इस्त्रीने गरम मेण लावायचं, ते एजवरही ओढायचं आणि न खरवडता तसंच ठेवायचं, हा जगभरचा उपाय मीही करतो. पण बॅगेत घासून कुठेतरी ते मेण निघतंच, आणि जिथे निघालं तिथे पावसाळा शिरतो. दिवाळीत बॅग उघडली की एजवर नारिंगी ठिपके असतात, बोट फिरवलं की तपकिरी भुकटी हाताला लागते. वरवरचा गंज पॉलिश पेपरने जातो. खाली बारीक खळगे राहतात, त्यांना कानस लागते. 88 अंशांचा साचा एजला टेकवायचा आणि कानस एकाच दिशेने, टोकाकडून शेपटीकडे ओढायची. आधी ती खरखरते, अडकते. आवाज एकसारखा झाला की धार बसली समजायचं. पण प्रत्येक वेळी थोडं पोलाद जातं, आणि एज मुळातच दोन मिलिमीटरची.

अरुंद स्कीची सगळी किंमत त्या धारेत आहे. धार गेली की कडक उतारावर तिचा भरवसा उरत नाही, आणि मऊ बर्फात ती आधीपासूनच मागे असते. गुलमर्गला धार लावून मिळते, पण त्यात पहिली सकाळ जाते, आणि नेमका आदल्या रात्री बर्फ पडलेला असला तर ती सकाळ कोण घालवणार? रुंद स्कीलाही गंज तेवढाच चढतो, पण भुसभुशीत बर्फात काम करतो तो तिचा पसारा आणि आकार. पॉलिश पेपर मारून मेण लावलं की ती त्याच दिवशी वर न्यावी. श्रीनगरला किंवा मनालीला राहत असतो तर कदाचित मी वेगळं लिहिलं असतं.

ट्विन-टिपच्या किरकोळ कटकटी आहेत. चढणीसाठी स्किन (स्की मागे घसरू नये म्हणून तळाला चिकटवायच्या पट्ट्या) लावले तर मागची क्लिप वळलेल्या शेपटीवरून निसटते; तशा शेपटीसाठी बनवलेली क्लिप घ्या. थांबल्यावर स्की बर्फात उभी रोवायची तर मागचा बाक आड येतो. मागून येणाऱ्याच्या तोंडावर बर्फ उडतो, तेव्हा अंतर ठेवायला सांगा.

एक गोष्ट मात्र किरकोळ नाही. रुंद स्की पायात असली की ग्रूम केलेल्या पट्ट्याबाहेर जावंसं वाटतं. स्की-गस्तीच्या हद्दीबाहेर जायचं तर हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायचा ट्रान्सीव्हर (सिग्नल देणारं-पकडणारं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी) आणि ते वापरायचा सराव असलेला जोडीदार हवाच. ते खर्चात आधी धरा, स्की नंतर.

उत्तराखंडातल्या औलीला ग्रूम केलेल्या उतारावरच राहणार असाल किंवा रेसिंगकडे ओढा असेल, तर माझं ऐकू नका. अरुंद घ्या आणि दर मोसमाआधी कानस हातात धरायची तयारी ठेवा. बाकीच्यांनी गुलमर्गला 108च्या आसपासची जोडी एक दिवस भाड्याने घेऊन बघावी. आवडली तर लांबी नेहमीपेक्षा पाच-सात सेंटिमीटर जास्त घ्या, कारण वळलेली टोकं बर्फाला टेकत नाहीत. बाइंडिंगचा ब्रेक 115 मिलिमीटरचा मागा, अरुंद ब्रेक त्या कमरेवर बसत नाही. बॅग घेताना झिप प्लॅस्टिकची बघा, धातूची इथल्या हवेत लवकर गंजून अडकते.