मदरबोर्डच्या अलीकडे की पलीकडे? जुना गेमिंग पीसी सुधारायचा की बदलायचा

दोन मशीन डोळ्यांसमोर आणा. दोन्ही २०१७ सालची. दोन्हींत जीटीएक्स १०६० चं ६ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, गेम ठेवायला जुनी हार्ड डिस्क. नवा गेम लावला की दोन्ही सारखीच धापा टाकतात. फरक एवढाच, की पहिल्यात इंटेलचा आय५-७५०० प्रोसेसर आहे आणि दुसऱ्यात एएमडीचा रायझन ५ १६००. बाहेरून पाहणारा दोन्हींना एकच सल्ला देईल. मी मात्र म्हणेन, पहिल्याच्या मदरबोर्डावर, म्हणजे सगळे भाग जिथे जोडले जातात त्या मुख्य पाटीवर, आता पैसे घालू नका, दुसऱ्याच्या बोर्डावर बिनधास्त घाला.

पहिल्याचं दुखणं असं. आय५-७५०० म्हणजे चार कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), चार थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). तो ज्या बी२५० बोर्डावर बसतो, त्यावर फार तर आय७-७७०० पर्यंत जाता येतं, म्हणजे थ्रेड आठ झाले तरी कोअर चारच. पुढची आठवी पिढी नावाला त्याच एलजीए ११५१ सॉकेटची (प्रोसेसर बसतो ती खाच), पण तिला इंटेलच्या ३०० मालिकेचा बोर्ड लागतो. इथे पुष्कळ लोक फसतात, कारण प्रोसेसर खाचेत व्यवस्थित बसतो, फक्त मशीन सुरू होत नाही. त्यात विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलची सातवी पिढी नाहीच. यादीबाहेरच्या मशीनवर ते चढवण्याच्या खटपटी आहेत, पण ज्या मशीनवर पैसे ओतायचे ते खटपटीवर उभं नको.

दुसऱ्याचं नशीब चांगलं, कारण त्याचं एएम४ सॉकेट दीर्घायुषी निघालं. रायझन १६०० सुद्धा विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, पण २०२२ मध्ये एएमडीच्या ३०० मालिकेच्या, म्हणजे त्याच काळातल्या बोर्डांनाही रायझन ५००० चं दार उघडलं. बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवर आपल्या मॉडेलची प्रोसेसर-यादी पाहायची, बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करायचा आणि त्या मालिकेतला ५६०० किंवा ५७००एक्स३डी बसवायचा. बोर्ड तोच, रॅम तीच, आणि विंडोजची अडचणही मिटते. ५७००एक्स३डी मध्ये ९६ एमबी एल३ कॅशे, म्हणजे प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी आहे. गेमचा सारखा लागणारा डेटा प्रोसेसरच्या हाताशीच राहतो, रॅमपर्यंतच्या खेपा कमी होतात, आणि म्हणून जुन्या डीडीआर४ चा संथपणाही फारसा जाणवत नाही.

क्रम मात्र चुकवू नका. बायोस आधी, प्रोसेसर नंतर. मी एकदा उत्साहात उलटं केलं. काळा पडदा, पंखे फिरताहेत, बाकी शांतता. मग नवा काढा, जुना बसवा, थर्मल पेस्ट पुन्हा लावा, बायोस टाका, परत सगळं उलट करा. एक संध्याकाळ गेली.

खरंच दमलंय कोण?

हे सगळं प्रोसेसरच कमी पडतोय असं धरून झालं. तो नसेल तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत व्हायची. त्यामुळे आधी परीक्षा घ्या. नेहमीचा गेम लावून ग्राफिक्स कार्डाचा वापर पाहा. तो सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड दमलंय. ५०-६० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि फ्रेम (सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं) तरीही कमी असतील, तर कार्ड प्रोसेसरची वाट पाहत बसलंय. खात्री करायची तर रिझोल्यूशन ७२०पी वर आणा. फ्रेम वाढल्या तर मर्यादा कार्डाची, जिथल्या तिथे राहिल्या तर प्रोसेसरची.

प्रोसेसरच्या एकूण टक्केवारीवर मात्र विसंबू नका. बारा थ्रेडच्या प्रोसेसरवर गेमचा मुख्य थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात त्याचा वाटा आठ-नऊ टक्केच दिसतो. मालक समजतो, प्रोसेसर निवांत आहे.

आणि परीक्षेच्याही आधी, कॅबिनेट उघडा. धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट यांमुळे तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग स्वतःच उतरवतो. ३२०० ची रॅम बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिचा जाहीर वेग देणारी सेटिंग) चालू न केल्यामुळे वर्षानुवर्षं २१३३ वर धावत असते. रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरा चॅनेल, म्हणजे डेटाची दुसरी वाट, रिकामाच राहतो. हे दोष दोन्ही मशीनमध्ये असू शकतात आणि बहुतेक फुकटात दूर होतात.

हार्ड डिस्कचा प्रश्न तर वादाचा राहिलाच नाही. ती सेकंदाला साधारण १०० ते २०० एमबी वाचते, साटा या जुन्या जोडाची साधी एसएसडी ५५० च्या आसपास, पीसीआयई ३.० या बोर्डावरच्या जलद मार्गाने जोडलेली एनव्हीएमई एसएसडी साडेतीन हजारांपर्यंत. पण जाहिरातीतला हा शेवटचा आकडा पाहून हुरळू नका. हार्ड डिस्कवरून कोणत्याही एसएसडीवर येण्यात जो दिलासा आहे, तो साटावरून एनव्हीएमईवर जाण्यात नाही. एसएसडीने सरासरी एफपीएस (सेकंदाच्या फ्रेम) वाढत नाही. गेम लवकर उघडतो आणि नव्या भागात शिरताना बसणारे गचके कमी होतात.

कार्ड: दोघांचा सामायिक खर्च

जीटीएक्स १०६० ला दोन्ही मशीनमध्ये निरोप द्यावा लागणार. त्यात रे ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढण्याचं, हार्डवेअर नाही, आणि 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' किंवा 'डूम: द डार्क एजेस' यांसारखे गेम त्याशिवाय चालतच नाहीत. सेटिंग कितीही उतरवा, उपयोग नाही. शिवाय एनव्हिडियाने १०६० च्या पास्कल पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले. आता फक्त सुरक्षेचे अपडेट येतात.

पण हेच नवं कार्ड दोन मशीनमध्ये दोन प्रकारे वागेल. ५७००एक्स३डी बसवलेल्या दुसऱ्या मशीनमध्ये त्याला काम मिळेल. पहिल्यात चार थ्रेडवाला आय५ त्याला फ्रेम पुरवताना मेटाकुटीला येईल. नाकापेक्षा मोती जड. डीएलएसएस किंवा एफएसआर चालू करूनही हे सुटत नाही. त्यात कार्ड कमी रिझोल्यूशनवर काम करून चित्र मग मोठं करतं, म्हणजे कार्डाचा भार हलका होतो, प्रोसेसरचा नाही.

लेनचंही, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यामधल्या डेटाच्या वाटांचंही पाहा, कारण पॅकेटवर ही गोष्ट ठळक लिहिलेली नसते. आपले दोन्ही बोर्ड पीसीआयई ३.० चे. आरटीएक्स ४०६०, आरएक्स ६६००, आरएक्स ७६०० ही कार्डं आठच लेन वापरतात आणि आरएक्स ६५०० एक्सटी तर चारच. पीसीआयई ४.० वर ते खपून जातं. ३.० वर प्रत्येक लेनचा वेग निम्मा होतो, आणि कार्डाची मेमरी भरून डेटा रॅममधून यायला लागला की ते सोसवत नाही. म्हणून जुन्या बोर्डासाठी सोळा लेनचं आणि जास्त मेमरीचं कार्ड मला बरं वाटतं, उदाहरणार्थ १२ जीबीचं आरटीएक्स ३०६०. ६५०० एक्सटी या दोन मशीनमध्ये फुकट मिळालं तरी विचार करेन. इंटेलच्या आर्क कार्डांना रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असणं जवळजवळ सक्तीचं आहे, त्यामुळे बायोसमध्ये ती सोय दिसल्याशिवाय तिकडे वळू नका.

मग पॉवर सप्लाय. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॉट मिळतात, सहा पिनच्या जोडातून आणखी ७५, आठ पिनच्या जोडातून १५०. आपल्या पॉवर सप्लायला जोड कोणते आहेत ते मोजा, आणि तो स्वस्तातला असेल किंवा त्याची वॉरंटी संपून काळ लोटला असेल तर कार्डासोबत तोही बदला.

पलीकडे गेलात तर

पहिल्या मशीनचा मालक इथे येतो. मदरबोर्ड बदलायचा म्हणजे प्रोसेसर आला. एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटवर जायचं तर डीडीआर५ रॅम आली, कारण तिथे डीडीआर४ ची सोयच नाही आणि जुनी पट्टी नव्या खाचेत बसतही नाही. प्रोसेसरचा कूलर बसवायला नवी ब्रॅकेट लागेल ती वेगळी. विंडोजचं लायसन्स मशीनसोबत आलेलं असेल तर ते सहसा जुन्या बोर्डाशी बांधलेलं असतं, म्हणजे तोही खर्च धरा. त्यात २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटासेंटरांनी मेमरीची मागणी इतकी ताणली, की रॅमचे भाव भडकले. पूर्वी नवं मशीन जोडताना रॅम ही किरकोळ बाब होती. आता तीच बजेट मोडते.

या भावांमुळे माझा कल थोडा बदलला आहे. एरवी मी पहिल्या मालकाला सरळ एएम५ घ्या म्हटलं असतं, कारण तिथे पुढे नुसता प्रोसेसर बदलायची वाट मोकळी राहते. सध्या घरातली १६ जीबी डीडीआर४ टाकून देणं जिवावर येतं. ती वापरायची तर इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचा डीडीआर४ वाला बोर्ड आणि बाराव्या पिढीचा आय५ हा रास्त पर्याय आहे. एलजीए १७०० चा रस्ता चौदाव्या पिढीशी संपतो, हे ठाऊक असूनही.

कंपनीने जोडून दिलेलं तयार मशीन असेल तर आधी बोर्ड आणि पॉवर सप्लाय यांचे आकार आणि जोड तपासा. काहींमध्ये ते खास स्वतःचेच असतात, बाजारातला भाग बसत नाही, आणि मग कॅबिनेटसकट सगळंच नवं घ्यावं लागतं. गेमिंग लॅपटॉपमध्ये तर रॅम आणि एसएसडीपलीकडे सहसा काही बदलता येत नाही. तिथे मर्यादा कार्डाची असेल तर चर्चा तिथेच थांबते.

सगळे पैसे एकदम काढता येत नसतील, तर पहिल्या मालकाने खरेदीचा क्रम असा ठेवावा: आधी एसएसडी, मग पॉवर सप्लाय, मग कार्ड, आणि शेवटी बोर्ड, प्रोसेसर व लागली तर रॅम एकत्र. पहिल्या तिन्ही वस्तू जुन्या मशीनमध्ये आजच चालू लागतात आणि नव्या बोर्डावर तशाच्या तशा जातात. नवं कार्ड काही महिने आय५ च्या वेगाने चालेल, चालू द्या. त्या काळात जुन्या मशीनमधला प्रोसेसर वर चढवायचा मोह तेवढा टाळा. वापरलेला आय७-७७०० स्वस्त दिसतो, पण त्याला बोर्डाच्या पलीकडे नेता येत नाही.