सॅल्मनच्या तयार रिग-संचाची पारख: फ्लॅशर चांगला, लीडर बेताचे

प्युजेट साउंड या समुद्राच्या खाडीच्या खाऱ्या पाण्यात सॅल्मन धरण्यासाठी लागणारे सगळे सामान एकाच खोक्यात देणारे संच वॉशिंग्टन राज्यातल्या क्रीडासाहित्याच्या दुकानांत मोसमाच्या तोंडावर ढिगाने मांडलेले असतात. त्यांपैकी एक संच मी उन्हाळ्याच्या मध्यापासून शरदापर्यंत होडीवरून वापरला. खोक्यात 11 इंची हिरवा फ्लॅशर (पाण्यात गिरक्या घेत चमकून माशाचे लक्ष वेधणारी पट्टी), प्लॅस्टिकच्या म्हाकुळासारख्या दिसणाऱ्या दोन हूची, साडेतीन इंचांचा एक स्पून (चमच्यासारखा धातूचा नकली मासा), अर्धचंद्राकृती शिसे आणि अख्खी किंवा कापलेली हेरिंग (आमिषाचा छोटा मासा) लावण्यासाठी दोन गळांचे बांधलेले लीडर, म्हणजे गळाला जोडलेले शेवटचे आखूड दोरे, एवढा ऐवज होता. आमिष अर्थातच वेगळे विकत घ्यावे लागते. संच वाईट नाही. पण ज्या गोष्टींची वेष्टनावर जाहिरात केली आहे त्या दुय्यम आहेत आणि ज्या गोष्टीवर मासा लागणे-न लागणे अवलंबून असते, म्हणजे आमिष पाण्यात कसे हलते, तिच्याकडे बनवणाऱ्यांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही.

वेष्टनावर ‘समुद्र आणि नदी दोन्हींसाठी’ असे ठळक अक्षरांत छापले आहे, ते सोडून द्यावे. समुद्रात चिनूक आणि कोहो या जातींचे सॅल्मन भुकेने हिंडत असतात, हेरिंग आणि सँड लान्स या लहान माशांच्या थव्यांमागे लागतात. म्हणून तिथे जखमी माशाची हुबेहूब हालचाल कामी येते. अंडी घालण्यासाठी नदीत शिरलेला सॅल्मन मात्र खाणे थांबवतो आणि गळावर झडप घालतो ती चिडून किंवा जुन्या सवयीने. तिथे माशाच्या अंड्यांची गाठोडी, फिरते स्पिनर आणि जोरात थरथरणारे प्लग नावाचे नकली मासे चालतात, आणि यांपैकी काहीही या खोक्यात नाही.

फ्लॅशरपासून सुरुवात करतो, कारण संचातली ती सर्वांत चांगली वस्तू आहे. पत्रा नीट वाकवलेला आहे, दोन्ही टोकांचे स्विव्हल, म्हणजे दोऱ्याला पीळ पडू न देणाऱ्या फिरत्या कड्या, मोकळेपणाने फिरतात आणि होडी ताशी अडीच-तीन मैलांच्या संथ वेगाने चालू लागली की फ्लॅशर पूर्ण गिरकी घेतो. अडचण त्याच्या मागे आहे. हूचीला स्वतःची हालचाल नसते. ती फ्लॅशरच्या फटकाऱ्यावर नाचते आणि तो फटकारा तिच्यापर्यंत पोहोचायचा तर मधला लीडर आखूड आणि थोडा ताठ असावा लागतो. संचात हूचीला जवळजवळ पाच फुटांचा मऊ लीडर बांधून दिला आहे. एवढ्या लांबीत फ्लॅशरचा जोर वाटेतच जिरतो आणि हूची मागून निमूट ओढली जाते. मी तो लीडर कापून सुमारे 40 इंचांवर आणला आणि गाठ नव्याने मारली, तेव्हा होडीच्या कडेला पाण्यात धरूनच फरक दिसला: झालर उघडमीट करू लागली आणि हूची आडवी उसळू लागली. गंमत अशी की हाच पाच फुटी लीडर फ्लॅशरमागे हेरिंग लावायची असेल तर अगदी योग्य आहे, कारण हेरिंगला स्वतःची गिरकी असते आणि फ्लॅशरचा हिसका बसला तर ती गिरकी बिघडते. म्हणजे लांबी चुकीची नाही, ती चुकीच्या वस्तूला जोडली आहे.

खरी निराशा दोन गळांच्या लीडरने केली. शिसे लावून दोरा खाली सोडायचा आणि होडी प्रवाहाबरोबर वाहू द्यायची, या मूचिंगच्या पद्धतीत सगळी मदार कापलेल्या हेरिंगच्या फिरण्यावर असते. हेरिंगचे डोके कल्ल्यांच्या मागे दुहेरी तिरक्या कापाने उतरवायचे: वरून पाहिले तर काप तिरका आणि बाजूने पाहिले तरीही तिरका. मग पोटातली घाण काढून टाकायची आणि वरचा गळ पोकळीच्या आतून, कण्याच्या जवळून, कापाच्या आखूड बाजूने बाहेर काढायचा. काप जास्त तिरका झाला तर मासा बरम्यासारखा गरगर फिरतो, कमी तिरका झाला तर सावकाश, मोठे वेटोळे घेत लोळतो. कोहोला पहिली चाल आवडते, चिनूकला बहुतेक वेळा दुसरी. हा फरक साधायचा तर वरचा गळ दोऱ्यावर सरकता हवा, म्हणजे आमिषाच्या लांबीप्रमाणे दोन गळांमधले अंतर कमी-जास्त करता येते आणि गळ किंचित ओढून माशाला हवा तसा बाक देता येतो.

या संचात दोन्ही गळ पक्के बांधलेले आहेत. मधले अंतर मध्यम आकाराच्या हेरिंगला ठीक बसते. त्याहून लहान हेरिंग घेतली की खालचा गळ शेपटीच्या पुष्कळ मागे लोंबतो आणि मोठी घेतली की तो शेपटीपर्यंत पोहोचतच नाही. गळ स्वतः चांगले आहेत, धारदार आहेत, अणी नखावर टेकवली तर घसरत नाही. पण लीडरचे नायलॉन हलके वाटते. चिनूकसाठी 30 पौंडांचा लीडर ही नेहमीची निवड आहे आणि माशाच्या दातांनी घासून तो पांढुरका, खरबरीत झाला की बदलायचाच असतो. इथे तो खरबरीतपणा एकाच धडपडीनंतर बोटाला जाणवला.

कायद्याची बाब वेष्टनाने पूर्ण टाळली आहे. प्युजेट साउंडमध्ये सॅल्मनसाठी एकाच अणीचा आणि उलटा काटा नसलेला गळ वापरणे बंधनकारक आहे. संचातल्या गळांना उलटे काटे आहेत. ते पक्कडीने चेपून सपाट केले की चालतात, आणि चेपल्यावर कापडावर घासून पाहावे, अडकले तर पुन्हा चेपावे. स्पूनला मात्र तीन अण्यांचा गळ लावून दिला आहे, तो काढून एकेरी गळ लावण्यावाचून गत्यंतर नाही. हा नियम केवळ कागदी नाही. नैसर्गिक पैदाशीचे चिनूक बऱ्याच ठिकाणी सोडून द्यावे लागतात आणि फक्त पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापलेले, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात वाढवलेले मासे ठेवता येतात. सोडायच्या माशाच्या तोंडातून गळ सहज निघणे हीच तिथे मुख्य गरज असते. कोणत्या क्षेत्रात कोणत्या तारखांना काय ठेवता येते हे वॉशिंग्टनचे मत्स्य आणि वन्यजीव खाते जाहीर करते आणि मोसमाच्या मध्येही ते बदलते, त्यामुळे निघण्याआधी पाहून घ्यावे.

आता आमिष. गोठवलेली हेरिंग तबकांत मिळते आणि तबकावरच्या पट्टीचा रंग तिचा आकार सांगतो. हिरवी पट्टी मध्यम, निळी त्याहून मोठी. रंगापेक्षा तबकाकडे नीट पाहावे. डोळे स्वच्छ असावेत, खवले अंगाला चिकटलेले असावेत आणि पोट फुटलेले नसावे. आत तपकिरी पाणी गोठलेले दिसले तर ते तबक एकदा वितळून पुन्हा गोठवलेले आहे असे समजावे; अशी हेरिंग गळावर दोन मिनिटेही टिकत नाही. चांगली हेरिंगसुद्धा आदल्या रात्री खड्या मिठाच्या थंड पाण्यात ठेवावी. मिठाने मांस घट्ट होते, खवल्यांची चमक राहते आणि वरचा गळ फाटून सुटत नाही. आयोडीनयुक्त मीठ घेऊ नये आणि होडीवर ती पेटीतल्या बर्फाच्या वितळलेल्या गोड्या पाण्यात भिजू देऊ नये, नाहीतर रात्रीची मेहनत दुपारपर्यंत वाया जाते. खोक्यातल्या माहितीपत्रकात यातले एक अक्षरही नाही. तिथे पूर्ण पान हूचीच्या रंगांना दिले आहे.

रंगांबद्दल माझे मत थोडक्यात सांगतो. लाल रंग पाण्यात लवकर विझतो, हिरवा आणि निळा खोलवर दिसतात, म्हणून तळाजवळच्या चिनूकसाठी हिरवी हूची योग्य आणि संचात ती आहे. विषम वर्षांत येणाऱ्या पिंक सॅल्मनला लहान गुलाबी हूची लागते, ती नाही. याहून जास्त विचार रंगावर करण्याची मला गरज वाटत नाही.

शिसे चार औंसांचे आहे आणि मंद प्रवाहात पुरते. दोरा पाण्याशी साधारण 45 अंशांचा कोन करून उतरत असेल तर वजन बरोबर आहे. भरतीचा जोर वाढून दोरा आडवा होऊ लागला की सहा औंसांचे लावावे, ते वेगळे आणावे लागेल. एक सूचना मात्र नवख्यांसाठी आवश्यक आहे, कारण तीही पत्रकात नाही: मूचिंग करताना चिनूक पुष्कळदा आमिष घेऊन वर येतो, त्यामुळे ओढ जाणवण्याऐवजी दोरा अचानक ढिला पडतो. अशा वेळी रॉडला हिसका देऊ नये. दोरा ताणला जाईपर्यंत भराभर रीळ फिरवत राहावे.

ज्याच्याकडे होडी आहे आणि गाठी मारायचा कंटाळा नाही त्याने हा संच फ्लॅशर आणि हूचीसाठी घ्यायला हरकत नाही. मूचिंगचे लीडर मी काढून ठेवले आहेत आणि 30 पौंडांच्या दोऱ्याची एक रिळी व सुटे गळ आणून सरकत्या गाठीचे लीडर घरीच बांधतो. पॉइंट नो पॉइंटसारख्या ठिकाणी किनाऱ्यावरून दोरा फेकणाऱ्याला मात्र यात स्पूनखेरीज काही उपयोगाचे मिळणार नाही, आणि तोही दूर फेकायला हलका पडतो. त्याने ब्रिटिश कोलंबियात तयार झालेले बझ बॉम्ब किंवा तसेच एखादे जड आमिष घ्यावे आणि त्याचा गळही आधी तपासून, गरज असेल तर बदलून घ्यावा.