पाठराखण वाचून पुस्तक घ्यावं का?

तालुक्याच्या साहित्य संमेलनात मांडवाबाहेर टेबलं लागतात. त्यावरची बरीचशी पुस्तकं लेखकाने पदरमोड करून काढलेली असतात. चाळायला दोन मिनिटं मिळतात, म्हणून हात आपोआप पुस्तक उलटं करतो. त्या मागच्या मजकुरावर, म्हणजे पाठराखणीवर, किती भिस्त ठेवावी? कवितासंग्रह असेल तर पाचपैकी एक गुण, कथा-कादंबरीला तीन. शेती, गावाचा इतिहास, बोलीतल्या म्हणी असल्या माहितीच्या पुस्तकांना चार, कारण तिथे आत काय आहे ते सांगावंच लागतं.

कवितेचा एक गुणही उदार मनाने दिलाय. ही पाठराखण बहुधा जिल्ह्यातल्या एखाद्या ज्येष्ठांकडून लिहून घेतात आणि ती कवितेबद्दल नसते, कवीबद्दल असते. 'मातीशी नाळ जुळलेला संवेदनशील कवी' हे वाक्य शेजारच्या संग्रहावर ठेवून पाहा, तिथेही फिट्ट बसतं. कवितेची एकही ओळ दिलेली नसेल, तर लिहिणाऱ्याने संग्रह उघडला नसावा असंच धरावं.

कादंबरीत फरक लवकर दिसतो. 'बळीराजाच्या वेदनेचा हुंकार' यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी 'मृग कोरडा गेला, दुबार पेरणीला सोयाबीनची बॅग उधार द्यायला कृषी केंद्रवाला तयार नाही आणि पंधरा दिवसांवर पोरीचं लग्न' असं असेल तर पुस्तक हातात ठेवा. कोण अडलंय, कशात अडलंय आणि कधीपर्यंत, तिन्ही आलं. मग मधलं पान उघडायचं, साठाव्याच्या आसपासचं. पहिली दहा पानं सगळेच घासूनपुसून देतात.

खरी परीक्षा बोलीची. मागे 'अस्सल वऱ्हाडी ठसका' आणि आत पात्रं 'व्हय', 'न्हाय' करतायत, ही सिनेमातल्या गावाची भाषा झाली. वऱ्हाडीत 'मले', 'तुले', 'काऊन', 'हाये' येतं; ळचा य होतो, म्हणून डोया, शाया, कायजी. एकच म्हातारी एका पानावर 'मले' आणि पुढच्या पानावर 'मला' म्हणत असेल, तर बोली नंतर वरून भुरभुरलेली आहे. भंडारा-गोंदियाकडची झाडीबोली वेगळी. तिलाही वऱ्हाडी म्हणून खपवलेलं दिसतं.

शुद्धलेखनावरून मात्र घाईने निकाल देऊ नये. कव्हर आणि आतली पानं बहुधा वेगवेगळ्या फाइलींत होतात. मागचा मजकूर शेवटच्या दिवशी मोबाइलवर येतो आणि मुद्रितशोधकाच्या हातात जातच नाही. 'वऱ्हाडी'चं 'वर्हाडी' होतं ते यातूनच. युनिकोडमध्ये नुक्त्याच्या ऱऐवजी साधा र पडला, की रफार ह च्या डोक्यावर चढतो. हीच चूक आत पानोपानी असेल, तर जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणल्यावर कुणी नजरेखालून घातलेला नाही. 'कवियत्री' आणि 'आशिर्वाद' यांना मात्र फॉन्टचा आडोसा नाही.

'आयएसबीएन प्राप्त' ही ओळ मागे ठळक छापलेली असली तरी तिला शून्य गुण. पुस्तक ओळखण्यासाठीचा, ९७८ने सुरू होणारा तो तेरा आकडी क्रमांक आपल्याकडे अर्ज केला की फुकट मिळतो. दर्जा कुणी तपासत नाही. 'दुसरी आवृत्ती' असेल तर आतल्या श्रेयपानावरच्या तारखा जुळवा. दोन्ही आवृत्त्या एकाच महिन्यातल्या निघाल्या तर काय ते समजा.

किमतीचा हिशोब सोपा आहे. पुस्तक सोळा पानी फॉर्मात, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या गठ्ठ्यांत छापलं जातं; ९६ पानं झाले सहा फॉर्म. त्यात प्रस्तावना, मनोगत, शुभेच्छा, अभिप्राय आणि सत्काराचे फोटो मिळून चोवीस पानं गेली, तर दोनशे रुपयांत पदरात बहात्तरच पडतात. माहितीच्या पुस्तकात आणखी एक बघावं: पाठराखणीत म्हटलेली गोष्ट अनुक्रमणिकेत सापडते का. 'गावातल्या जुन्या विहिरींची नोंद' असं मागे असेल आणि आत विहिरींचं प्रकरणच नसेल, तर परत ठेवा.

टेबलामागे लेखक स्वतःच उभा असला की पंचाईत होते. त्याने सहीसाठी पेन काढायच्या आत साठावं पान उघडा.