अरेषीय नाते शोधायचे तर: डिस्टन्स कोरिलेशन, एमआयसी की क्साय?

दीर्घिकांचा कॅटलॉग हाती आला की आपण आधी पिअर्सन (दोन रकान्यांचे नाते मोजणारा नेहमीचा सहसंबंध गुणांक) काढतो आणि आकडा शून्याजवळ आला की त्या दोन रकान्यांचा नाद सोडतो. घाई होते ती इथेच. पिअर्सनला सरळ रेषच ओळखता येते. क्रमांकांवरून काढलेल्या स्पिअरमन गुणांकाला वक्र चालतो, पण तो एकाच दिशेने चढला किंवा उतरला पाहिजे.

डिस्टन्स कोरिलेशन (2007), म्हणजे ओळींमधल्या परस्पर अंतरांवरून काढलेला गुणांक, हा माझा पहिला पर्याय. त्याचे खरे मूल्य शून्य असते ते दोन राशी पूर्ण स्वतंत्र असतील तेव्हाच, आणि एका बाजूला अनेक रकाने असले तरी चालते. खर्च मात्र आहे. कॉम्बो-17 या दीर्घिकांच्या सर्वेक्षणाच्या यादीत 63,501 स्रोत आहेत. प्रत्येकाचे प्रत्येकापासूनचे अंतर साठवायचे तर एका रकान्यालाच साधारण 32 जीबी मेमरी लागते. एकास एक रकाना असेल तर 2016ची झटपट रीत वापरा. आणि प्रखरता (फ्लक्स) घ्यायची की प्रत (प्रखरतेच्या लॉगरिदमवरून काढलेले तेजाचे माप), हे आधीच ठरवा: लॉगरिदम घेतला की उत्तर बदलते.

एमआयसी (मॅक्सिमल इन्फर्मेशन कोइफिशियंट) या गुणांकाचा 2011मध्ये बराच गाजावाजा झाला. गोंगाटात नाते पकडण्यात तो डिस्टन्स कोरिलेशनच्या मागे पडतो, असे पुढे दाखवले गेले. मी तो वापरत नाही.

संख्याशास्त्रज्ञ सौरव चॅटर्जींचा क्साय हा गुणांक काढायला स्वस्त आहे: एका रकान्याने ओळी लावा, दुसऱ्यातले क्रमांक शेजारी-शेजारी किती उड्या मारतात ते मोजा. बदलत्या ताऱ्यांचा आवर्तनकाळ शोधणारी लाफ्लर-किनमन रीत (1965) जवळपास हेच करते, त्यामुळे लाटेसारख्या नात्यात क्साय चोख. गाया या अवकाश दुर्बिणीच्या रंग-प्रत आलेखात मात्र तो अडखळतो, कारण एकाच तांबड्या रंगाला बटू ताराही असतो आणि राक्षसी ताराही. क्षीण, सौम्य नातीही त्याच्या हातून निसटतात.

म्हणजे लाखभर ओळींपर्यंत डिस्टन्स कोरिलेशन. कोट्यवधी ओळी चाळायच्या असतील तर आधी क्साय, मग निवडक जोड्यांवर डिस्टन्स कोरिलेशन. नमुना एवढा मोठा असला की पी-मूल्य (नाते नसतानाही निव्वळ योगायोगाने असा आकडा येण्याची शक्यता) जवळजवळ नेहमीच अगदी छोटे येते, त्यावर भाळू नका, गुणांकाचा आकार बघा. शिवाय प्रखरतेची मर्यादा घातलेल्या सर्वेक्षणात दूरच्या फक्त तेजस्वी दीर्घिकाच दिसतात, त्यामुळे रेडशिफ्टशी (प्रकाशाच्या तांबड्याकडे सरकण्यावरून कळणाऱ्या अंतराच्या मापाशी) बांधलेल्या कुठल्याही दोन राशी आपोआप नात्यात दिसतील. तिथे रेडशिफ्टचे अरुंद गट पाडून प्रत्येक गटात गुणांक वेगळा काढा.