गटात बसावं की एकटीनं बोलावं? गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर मन खचलं तर

दुसऱ्या बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात मी मोरीत नळ सोडून रडायचे. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ. आईला वाटायचं, पोरगी अंग धुतेय. तपासणीला गेले तिथं टाके बघितले, बाळाचं वजन केलं आणि "सगळ्यांनाच होतं हे" म्हणून पुढचा नंबर बोलावला. पुढं बायकांच्या गटात जाऊन बसायला मला तीन महिने लागले. आता ओळखीच्या मुली विचारतात, गटात जाऊ, एकटीनं समुपदेशन घेऊ की सरळ गोळ्या सुरू करू? त्यांच्यासाठी हे लिहितेय. कर्नाटकातल्या सीमाभागातलं खानापूर, निपाणी, बेळगाव डोळ्यांसमोर ठेवून लिहितेय, कारण आपल्याकडं निवड आजारावर ठरते तशी बस, भाषा आणि माहेर यांवरही ठरते.

निवडीच्या आधी एक गोष्ट. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगीच रडू येणं, चिडचिड होणं हे बहुतेकींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. तिथं झोप आणि बाळाला धरायला कुणीतरी, एवढं पुरतं. दोन आठवडे उलटूनही मन वर येत नसेल किंवा गरोदरपणातच जीव कशात रमेनासा झाला असेल, तर खालचं सगळं तुमच्यासाठी. पण बाळंतीण रात्ररात्र झोपत नाही, असंबद्ध बोलते, कुणाचे आवाज ऐकू येतात म्हणते, बाळाबद्दल भलते संशय घेते, तर तिथं गट की गोळ्या हा प्रश्नच नाही. हजारात एक-दोघींना होणारा हा आजार बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच उसळतो. घरात कुणी "बाहेरचं झालंय" म्हणून अंगारा आणायला निघालं, तर त्यांना थांबवा आणि त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. जीव द्यावासा वाटतोय असं ती म्हणाली, तरी हेच.

आता गट. सहा ते दहा बायका, आठवड्यातून एकदा तास-दीड तास, दोन-तीन महिने. चालवणारी प्रशिक्षित असते. गप्पांचा फड नसतो तो. एकीची अडचण घेऊन ती सुटेल कशी हे सगळ्या मिळून बघतात: सासूशी बोलणं कसं काढायचं, मदत कुणाला मागायची, "मी वाईट आई" हा विचार आला की काय करायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये दिलेला असा एक आराखडा आठ बैठकांचा आहे. त्यात गटाच्या आधी प्रत्येकीशी एकटीशी बोलणं ठेवलेलं आहे. ते बोलणं टाळून तुम्हाला सरळ गटात बसवत असतील, तर आधी मागून घ्या.

आमच्या गटात खानापूरकडची एक मुलगी होती. तीन बैठका गप्प. मांडीवरची कुंची उलगडायची, परत घडी घालायची, काठ नखानं दाबायची. चौथ्या वेळी घडी घालता घालताच म्हणाली, "मला बाळ जवळ घ्यावंसंच वाटत नाही." खोलीत कुणी हललं नाही. मग माझ्या शेजारची म्हणाली, "मला पण." आणि मीही म्हणाले. हे एकट्या समुपदेशकासमोर घडत नाही. तिथं समजूतदार माणूस ऐकतं, पण "मला पण" म्हणणारी कुणी नसते. लाज खरी सुटते ती गटात.

झारखंड आणि ओडिशात एकजुट संस्थेनं गावोगाव बायकांच्या बैठका घेतल्या. त्या उपचार म्हणून नव्हत्या, आई-बाळाच्या तब्येतीवर होत्या. २०१० साली निकाल आले, तेव्हा नवजात बालकांचे मृत्यू घटलेले होतेच, पण तिसऱ्या वर्षी आयांमधलं मध्यम स्वरूपाचं नैराश्यही ५७ टक्क्यांनी कमी दिसलं. आपल्या शेजारच्या गोव्यात २८० गरोदर बायकांवर वेगळा प्रयोग झाला. तिथं गावातल्याच साध्या बायका प्रशिक्षण घेऊन एकेकीशी स्वतंत्र बोलायच्या. २०१९ मध्ये आलेल्या निकालात फरक दिसला, पण माफक. दोन्ही कामं सारखी नाहीत, म्हणून एक जिंकलं असं मी म्हणणार नाही. मात्र डॉक्टर नसलेली बाईही नीट शिकवली तर कामाला येते, हे दोन्हींतून कळतं.

गटाची अडचण इथं वेगळीच आहे. गाव लहान. समोर बसलेली नणंदेची मैत्रीण निघाली तर? "इथलं इथंच" हा नियम पहिल्या दिवशी सगळ्यांकडून वदवून घेतात, तरी भीती जात नाही. म्हणून आपल्या गावापेक्षा तालुक्याचा किंवा बेळगावचा गट बरा. खानापूरहून बेळगाव पंचवीसेक किलोमीटर, निपाणीहून पाऊणशे. शक्ती योजनेमुळं कर्नाटकच्या बसला बायकांना तिकीट नाही. निपाणीकरणींना कोल्हापूर जवळ पडतं, पण तिथं जायला तिकीट पडतं आणि दर आठवड्याला ते अंगावर येतं.

दुसरं भाषेचं. दवाखान्यात काम चालण्यापुरतं कानडी आपल्याला येतं. "होट्टे नोवू" म्हटलं की पोट दुखतंय हे कळतं. पण "मन उडालंय" हे कानडीत कसं सांगणार? एकटीचं समुपदेशन मोडक्या कानडीत आणि गट मराठीत मिळत असेल, तर मी डोळे झाकून गट घेईन. उलट असेल तर उलट.

एकटीचं बोलणं कुणी निवडावं? जिच्या घरात मारहाण आहे. जिचं बाळ गेलंय, कारण चार तान्ह्या बाळांच्या मध्ये तिला बसवणं क्रूर आहे. मुलगी झाली म्हणून जिला घरात बोलणी खावी लागतात आणि तेच घरचे तिला गटाच्या दारापर्यंत सोडायला येतात. यांनी आधी बंद दाराआड बोलावं. मानसोपचार विभागासाठी बेळगावात बिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजचा जिल्हा दवाखाना आहे, केएलईचं मोठं हॉस्पिटल आहे.

गोळ्यांबद्दल घरात फार भीती असते. त्रास जास्त असेल, खाणं-झोप तुटली असेल, तर नुसत्या बोलण्यावर थांबू नका. औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे जातात, म्हणून वाट बघण्यात तोटाच. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालतील अशी औषधं आहेत, काही गरोदरपणात टाळायचीही आहेत. ती निवड डॉक्टरांची. चुलतीच्या राहिलेल्या गोळ्या नकोत. गोळी घेत गटात जाता येतं. मी दोन्ही केलं.

घरातून पायच निघत नसेल तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेला, फोन लावा. फुकट आहे, रात्रीही चालतो आणि मराठी निवडता येते. गटाची जागा तो घेणार नाही, पण पहाटे तीनला गट नसतो.

माझं मत स्पष्ट आहे. त्रास मध्यम असेल आणि अजून गरोदर असाल, तर गट निवडा आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात सुरू करा. सातव्यात ओटी भरून माहेरी गेलात की सव्वा महिना संपेपर्यंत उंबरा ओलांडू देत नाहीत. बाळंतपणानंतर सुरू केलेला गट शेक-शेगडीत अडकतो. अंगणवाडीत मातृपूर्ण या सरकारी योजनेच्या जेवणाला गरोदर बायका एकत्र जमतात, तिथल्या बाईंना किंवा आशाताईंना विचारा, कुणी गट घेतंय का. बाळंतपण होऊन गेलं असेल, तर पहिल्या चाळीस दिवसांत फोन आणि एकटीचं बोलणं, मग बाळ घेऊन येऊ देणारा गट.

आणि माहेर महाराष्ट्रात, चंदगड-गडहिंग्लजकडं असेल, तर सीमा ओलांडताना उपचार तुटतो. इकडची चिठ्ठी तिकडं कुणी बघितलेली नसते. तायी कार्डाच्या, म्हणजे कर्नाटकात गरोदर बाईला मिळणाऱ्या तपासणीच्या कार्डाच्या, प्लास्टिकच्या पिशवीत औषधाची चिठ्ठी आणि गटातल्या बाईंचा नंबर घालून ठेवा. ते कार्ड बाळंतपणाला कुणी विसरत नाही.