लॅपटॉप पळायला लागला, म्हणून मी काही तपासलंच नाही

एका सकाळी लॅपटॉप सुरू केला आणि स्क्रीनच्या मधोमध एक चौकट उगवली. पिवळा त्रिकोण, त्यात उद्गारचिन्ह, शेजारी इंग्रजीत दोन ओळी: तुमच्या लायसन्सची मुदत १५ दिवसांत संपत आहे, नूतनीकरणासाठी तंत्रज्ञाला फोन करा. खाली ‘ओके’चं बटण. ‘लायसन्स’चं स्पेलिंग चुकलेलं होतं, पण तेव्हा तेही माझ्या नजरेत आलं नाही. मी निमूट फोन शोधायला लागलो. दर सहा महिन्यांनी पैसे भरायचे, हे कबूल करूनच बसलो होतो.

भाची राहायला आलेली होती म्हणून वाचलो. ती मागून बघत होती. म्हणाली, “मामा, हे लिनक्स आहे ना? मग लायसन्स कसलं?”

“लिनक्स नाही गं. जुन्या मशिनसाठी खास कंपनीची लाइट ऑपरेटिंग सिस्टिम, ओएस असते, ती आहे ही,” मी म्हणालो, तेही ठासून. सहा महिने चार लोकांना हेच सांगत आलो होतो.

तिने टर्मिनल, म्हणजे टाइप करून आज्ञा द्यायची खिडकी, उघडलं, ‘ओएस-रिलीज’ नावाची एक फाइल वाचायला एक ओळ टाइप केली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. लिनक्स मिंट, आवृत्ती २०.३, टोपणनाव ‘ऊना’. वॉलपेपर बदललेला, मेनूवरचं चिन्ह बदललेलं, बाकी सगळं जसंच्या तसं. विंडोजच्या जागी चालणारी, फुकट मिळणारी, कुणीही उतरवून घेऊ शकेल अशी ओएस.

माझा लॅपटॉप २०१४ चा. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम आणि ५४०० आरपीएमची संथ, जुनी हार्डडिस्क. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्याच्या आगेमागे मी तो दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेलो होतो. सुरू व्हायला पाच-सात मिनिटं, ब्राउझर उघडायला आणखी दोन. तो म्हणाला, “सर, विंडोज ११ यावर बसणार नाही. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, प्रोसेसर आठव्या पिढीचा लागतो.” हे खरंच होतं. “पण मशिन चांगलं आहे, टाकू नका. हार्डडिस्क काढून एसएसडी बसवू, वर हलकी ओएस टाकू, बघा कसं पळतं.” हेही खरंच होतं. जुन्या लॅपटॉपचा वेग हार्डडिस्कपाशी अडलेला असतो, आणि एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये माहिती साठवणारी डिस्क, बसवण्याइतका फरक दुसऱ्या कशानंच पडत नाही. एवढं सगळं खरं बोलून झाल्यावर तो म्हणाला, “ओएसचं लायसन्स सहा महिन्यांचं येतं.” मी मान डोलावली.

दोन दिवसांनी लॅपटॉप परत मिळाला आणि खरंच पळायला लागला. पंचवीस सेकंदांत डेस्कटॉप समोर. मी इतका खूश झालो, की ऑफिसातल्या दोघांना त्याचा नंबर दिला.

माझी फसवणूक कळायला सहा महिने लागले, कारण काम बिघडलंच नव्हतं. बिघडलं असतं तर दुसऱ्याच दिवशी भांडायला गेलो असतो.

त्या सकाळी आम्ही एकेक गोष्ट उकरत गेलो. मिंटच्या एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपच्या आवृत्तीत ‘सेशन अँड स्टार्टअप’ अशी एक सेटिंग असते. लॅपटॉप सुरू होताना आपोआप काय काय चालू व्हायचं, त्याची यादी तिथे दिसते. त्या यादीत एक नाव जास्तीचं होतं आणि एका नावापुढची खूण काढून टाकलेली होती. खूण काढलेलं नाव होतं ‘अपडेट मॅनेजर’. का काढली तेही उघड आहे. मिंटच्या २० मालिकेचा सपोर्ट एप्रिल २०२५ मध्येच संपला होता. म्हणजे माझ्या लॅपटॉपवर ती बसवली तेव्हाच ती मुदतबाह्य होती. अपडेट मॅनेजर चालू राहिला असता तर त्यानेच मला ते सांगितलं असतं.

जास्तीचं नाव एका लपवलेल्या फोल्डरकडे बोट दाखवत होतं. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच एकत्र दाबलं, की टिंबाने सुरू होणारी लपलेली फोल्डरं दिसायला लागतात. आत दोनच वस्तू होत्या. एक कुठल्याशा ढालीचं चित्र आणि एक स्क्रिप्ट, म्हणजे लॅपटॉपला द्यायच्या आज्ञांची फाइल. स्क्रिप्ट साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. जेमतेम नऊ ओळी. आजची तारीख घे, ठरवलेल्या तारखेशी ताडून बघ, १५ दिवस उरले असतील तर चौकट दाखव, तारीख उलटली असेल तर चौकट दाखवून लॅपटॉप बंद कर. झालं लायसन्स. भाची हसत होती, मला हसू येत नव्हतं. त्या नऊ ओळींसाठी मी सहा-सहा महिन्यांनी पैसे मोजणार होतो.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. लिनक्सची प्रत विकण्यात बेकायदा काही नाही. लिनक्सच्या जीपीएल या मुक्त परवान्यात पैसे घ्यायला मनाई नाही, आणि बसवून देण्याच्या मेहनतीचे पैसे तर घ्यायलाच हवेत. तो “मिंट टाकून देतो, मजुरी इतकी” म्हणाला असता तर मी आनंदाने दिली असती. त्याने मजुरी मागितली नाही, नसलेल्या लायसन्सचं भाडं लावलं.

मग रॅम. सिस्टिमच्या माहितीत ३.७ जीबी दिसत होती. ग्राफिक्ससाठी थोडी राखून ठेवलेली असते म्हणून आकडा पूर्ण दिसत नाही, हे ठीक. पण ८ ची ३.७ होत नाही. खरेदीचं जुनं बिल शोधून काढलं, त्यावर स्वच्छ लिहिलं होतं: ८ जीबी. खालचं झाकण उघडलं. रॅमचे दोन स्लॉट, एकात ४ जीबीची पट्टी, दुसरा मोकळा. सगळ्या बोर्डावर अकरा वर्षांची करडी धूळ, आणि मोकळ्या स्लॉटसमोर पट्टीच्याच मापाचा हिरवा, स्वच्छ आयत. भिंतीवरून जुनी तसबीर उतरवल्यावर दिसतो तसा.

निम्मी रॅम गेली आणि मला पत्ता का लागला नाही, ते इथे कळलं. एक्सएफसीई डेस्कटॉप सुरू झाल्यावर साधारण पाऊण-एक जीबी खातो. ब्राउझरमध्ये पाच-सहा टॅब उघडले तरी ४ जीबीत भागतं. हलक्या ओएसनेच चोरीवर पांघरूण घातलं होतं. विंडोज असती तर पहिल्याच दिवशी लॅपटॉप कण्हायला लागला असता.

एसएसडी ‘नवीकोरी, पेटीबंद’ होती म्हणे. मिंटमध्ये ‘डिस्क्स’ नावाचं ॲप आधीपासून असतं. त्यातल्या मेनूत स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, बघता येतो, आणि डिस्क आजवर एकूण किती काळ चालू होती ते तिथे लिहिलेलं असतं. माझ्या सहा महिने वयाच्या डिस्कपुढे लिहिलं होतं: २ वर्षं ७ महिने. हे बघायला अर्धं मिनिट लागतं. लॅपटॉप ताब्यात घेताना त्याच्यासमोर बघितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

रॅमचं आणि एसएसडीचं दुःख मी गिळलं. जुन्या हार्डडिस्कचं गिळवत नाही. “खराब सेक्टर आले होते सर, काय करणार ठेवून,” असं तो म्हणाला होता आणि मी सोडून दिलं. त्या डिस्कवर दहा वर्षांचे फोटो होते. फोटोंची प्रत माझ्याकडे आहे, प्रश्न तो नाही. त्यावर ओळखपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती होत्या, बँकेची विवरणं होती, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड होते. हार्डडिस्क नुसती फॉरमॅट केली तर आतलं बरंचसं परत काढता येतं, हे आता मला पाठ आहे. काढलेला प्रत्येक भाग, मेला असो वा जिवंत, हातात परत मागून घ्या. देणाऱ्याला त्यात अपमान वाटला तर वाटू द्या.

भाचीने ‘युजर्स अँड ग्रुप्स’ उघडलं तेव्हा आणखी एक खातं सापडलं, ‘सपोर्ट’ नावाचं, ॲडमिनचे पूर्ण अधिकार असलेलं. सोबत दुरून स्क्रीन ताब्यात घेता येईल असं एक सॉफ्टवेअर. त्याचा त्याने वापर केला का, माहीत नाही. त्या रात्री दोन वाजेपर्यंत मी एकेक पासवर्ड बदलत बसलो होतो, आणि तेही भाचीच्या लॅपटॉपवरून, कारण माझ्या लॅपटॉपवर विश्वास उरला नव्हता.

फोन केला. आधी “सर, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय.” मग “रॅम आधीच चारची होती.” बिलाचं सांगितल्यावर “ठीक आहे सर, पण मेहनतीचे पैसे तर द्याल ना माणसाला?” हार्डडिस्कबद्दल विचारलं तर “ती भंगारात गेली.” त्यानंतर नंबर उचलला गेला नाही. हातातल्या पावतीवर ‘लॅपटॉप सर्व्हिस’ एवढे दोनच शब्द आहेत. ना एसएसडीची कंपनी, ना सीरियल नंबर, ना ओएसचं नाव. आपल्याला लुबाडणारी पावती आपणच मुकाट्याने घडी करून खिशात घालतो, त्याचा हा नमुना.

नवी ओएस भाचीने माझ्याकडूनच बसवून घेतली. मिंटची २२ मालिका, जिला २०२९ पर्यंत सपोर्ट आहे. फाइल उतरवली, तर तिने आधी त्या फाइलचा चेकसम, म्हणजे फाइल मूळ तशीच आहे ना हे पटवणारा अक्षरांचा ठसा, ताडून बघायला लावला. मला वाटलं, पोरगी उगाच ताणतेय. तिने सांगितलं, २० फेब्रुवारी २०१६ ला मिंटची अधिकृत वेबसाइटच हॅक झाली होती आणि १७.३ सिनॅमन या आवृत्तीच्या डाउनलोडमागे चोरदरवाजा घातलेली फाइल लावली गेली होती. मी गप्प बसून चौसष्ट अक्षरं जुळवली.

पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला, तर काही न बसवताच अख्खा डेस्कटॉप समोर आला. वायफाय, आवाज, कॅमेरा, सगळं आधी चालवून बघता आलं. मग ‘इन्स्टॉल’. त्या दुकानात दोन दिवस पडून राहिलेल्या लॅपटॉपचं हे काम वीस-पंचवीस मिनिटांत उरकलं. हे बघून राग पुन्हा नव्याने आला, तो वेगळा.

राहिले ते ऑफिसातले दोघं, ज्यांना मीच नंबर दिला होता. एकाने अजून लॅपटॉप दिलेला नव्हता. दुसऱ्या बाई मला दादा म्हणतात, त्यांना तोंड कसं दाखवायचं हेच कळेना. शेवटी सगळं सांगितलं. त्यांनी काही न बोलता लॅपटॉप उघडून माझ्यापुढे सरकवला. मी कंट्रोल आणि एच दाबलं. तेच फोल्डर, तीच स्क्रिप्ट, त्याच नऊ ओळी, फक्त तारीख पुढची. आणि ढालीच्या चित्राचा पत्ता जिथे लिहिला होता, त्या ओळीत होम फोल्डरपुढे माझं नाव होतं. कॉपी करताना बदलायचं राहून गेलं होतं. बाईंनी ते वाचलं आणि विचारलं, “दादा, हे तुमचं नाव माझ्या लॅपटॉपमध्ये कसं?”