सीएनजी कुठे भरायचा? आठ महिन्यांच्या वापरानंतर: दर सारखाच, फरक प्रेशरचा

निकाल आधीच सांगून टाकतो. मुंबईत स्वस्त सीएनजीचा पंप शोधत फिरण्यात हशील नाही, कारण शहराला सीएनजी पुरवणाऱ्या महानगर गॅस कंपनीचा दर इथे सगळीकडे एकच असतो. पैसे वाचतात ते पूर्ण प्रेशर मिळेल अशा पंपावर, अशा वेळी गेल्यावर.

गाडी कंपनी फिटेड सीएनजी वॅगन आर, सिलिंडर 60 लिटरचा. रोज साधारण 40 किलोमीटर, बहुतेक वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर. या ट्रॅफिकमध्ये सीएनजीवर किलोमागे 25 आणि पेट्रोलवर लिटरमागे 15 किलोमीटर धरा. सीएनजीचा एप्रिल 2025 चा दर 79.50 रुपये, पेट्रोल तेव्हा 103.50 च्या आसपास. म्हणजे किलोमीटरला 3.18 विरुद्ध 6.90. टाकीत एक किलो गॅस कमी गेला आणि ते 25 किलोमीटर पेट्रोलवर काढावे लागले, की 93 रुपये उडाले. आठवड्यातून दोनदा असं झालं तर महिन्याचे आठशे. पेट्रोल पंपापंपांतला काही पैशांचा फरक यासमोर काहीच नाही.

60 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बारला (बार हे प्रेशर मोजायचं माप) थंड असताना साडेनऊ किलोच्या आसपास गॅस मावतो, 150 बारला जेमतेम सात. म्हणून नोजल लावल्यावर नजर रुपयांच्या आकड्यावर नको, प्रेशरच्या काट्यावर हवी. रांगेत शिरण्याआधीच भरणाऱ्याला विचारावं, ‘प्रेशर किती चाललंय?’ उत्तर 190-200 आलं तर थांबा. ‘एकशे साठ’ म्हणाला आणि टाकी निम्मी असेल तर सरळ पुढे निघा, पुन्हा रात्री या.

संध्याकाळी प्रेशर का पडतं? पंपावर कॉम्प्रेसरमधून आलेला गॅस आधी सिलिंडरच्या तीन गटांत साठतो: लो, मीडियम आणि हाय. गाडीत भरताना डिस्पेन्सर (गॅस भरायचं मशीन) लोपासून सुरुवात करतो आणि शेवटचे 30-40 बार हायमधून देतो. रिक्षा-टॅक्सीची रांग तुटली नाही की हाय गट पुन्हा भरायला सवडच मिळत नाही. मग 150 पर्यंत गॅस भराभर जातो, पुढे मीटर मुंगीच्या पावलाने सरकतो आणि मागच्यांचे हॉर्न ऐकून भरणारा नोजल काढून घेतो. समोरासमोरच्या दोन्ही नोजलला गाड्या लागलेल्या असतील तर वेग आणखी पडतो. जिथे पाइपलाइन नाही आणि गॅस ट्रकवरच्या सिलिंडरमधून येतो, तिथे ट्रक रिकामा होत आला की हीच गत. आवारात सिलिंडरच्या चळतीचा ट्रक उभा दिसला की तो पंप घाईच्या वेळी टाळावा. आमच्या नोंदींत रात्री 11 नंतर आणि पहाटे 6 च्या आत भरलेल्या टाक्या सर्वांत जास्त किलो घेतात. दुपारी 2 ते 4 रांग लहान असते, पण तेव्हा ऊन भोवतं.

ऊन भोवतं कसं? गॅस वेगाने भरताना सिलिंडर आधीच तापतो, उन्हात आणखी. काटा 200 दाखवतो, गाडी तासभर उभी राहिली की तोच 175-180 वर येतो. ही गळती नव्हे. तापलेल्या गॅसचं वजनच कमी बसलेलं असतं, आणि मे महिन्यात दुपारी हे हमखास होतं.

‘कमी प्रेशरला हवा भरून पैसे घेतात’ असं कुरकुरणारे प्रत्येक रांगेत एक-दोघं तरी भेटतात. पण मीटर वजन मोजतो, घनफळ नाही. कमी गेला तर पैसेही कमीच लागतात. नुकसान होतं ते पुन्हा रांगेत अर्धा तास उभं राहण्याचं किंवा मधल्या काळात पेट्रोल जाळण्याचं.

नोजल लावताना फुस्स असा आवाज सतत येत राहिला, तर भरायच्या तोंडातली ओ-रिंग (गॅस बाहेर सुटू न देणारी रबरी कडी) झिजली आहे. स्वस्तातली वस्तू आहे, पण बदलली नाही तर भरणारा गॅस द्यायचं नाकारतो आणि त्याचं बरोबरच आहे. तोंडावरचं रबरी झाकण हरवलं की आत धूळ बसते आणि ओ-रिंग लवकर जाते.

पेट्रोलची टाकी रिकामी ठेवू नका. गाडी सुरू होताना थोडा वेळ पेट्रोलवरच चालते, आणि सीएनजीचा पुरवठाच अडला तर तीच कामाला येते. नोव्हेंबर 2025 मध्ये ट्रॉम्बेला ‘गेल’ या सरकारी कंपनीच्या गॅसवाहिनीला नुकसान झालं आणि मुंबईत रांगा लागल्या, तेव्हा ज्यांच्या टाकीत पेट्रोल होतं ते निभावले. सात-आठ लिटर पुरे. मात्र आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओलावा धरतं, म्हणून महिनोन्महिने तेच पेट्रोल साचवू नका, अधूनमधून चालवून संपवा.

पेट्रोल भरताना मात्र जागा बघावी, पण शहरात नाही. दोन पंपांत 20 पैशांचा फरक असेल तर 30 लिटरमागे 6 रुपये वाचतात. त्यासाठी जाऊन-येऊन 6 किलोमीटर वळसा घातला तर चाळीस-एक रुपयांचं पेट्रोल जळतं. खरा फरक राज्याच्या सीमेवर पडतो. गुजरातेत 2025 मध्ये पेट्रोल लिटरला साधारण 9 रुपये स्वस्त होतं. सुरत-वापीकडून परतताना सीमा ओलांडायच्या आधी भिलाडच्या बाजूला 30 लिटर भरलं, तर त्या दरांत 270 रुपये वाचत. मुद्दाम तिकडे जायचं कारण नाही. डिझेलवाल्यांना हा फायदा नव्हता, दोन्हीकडचे दर तेव्हा जवळपास सारखे होते. दमणला तेव्हा आणखी दोनेक रुपये कमी होते, म्हणून वापीहून आत वळणाऱ्यांनी हिशेब करावा: 30 लिटरवर 60 रुपये, आणि जाऊन-येऊन वीस-पंचवीस किलोमीटरला दीडशेच्या आसपास खर्च.

पेट्रोलच्या मापाची शंका आली तर प्रत्येक पंपावर शिक्का मारलेलं 5 लिटरचं माप असतं, ते मागायचा हक्क आहे. चालणारी तफावत 25 मिलिलिटर. 500 ऐवजी 510 चं भरलं की माप पूर्ण मिळतं, ही निव्वळ समजूत. मीटर शून्यावर आहे का ते बघणं पुरे.

आणि सीएनजी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने मजबुतीची तपासणी) दर 3 वर्षांनी. गाडीवरच्या प्लेटवरची टेस्टची तारीख उलटली की प्रेशर 200 चं असलं तरी नोजल लागत नाही. टेस्टला गाडी अडकते, म्हणून मुदतीच्या महिनाभर आधीच नंबर लावून ठेवा.